छोट्या जेटला हिवाळ्यात बर्फाची एवढी भीती का?

जेट ढगांच्या वर उडतं, इंजिनात ताकद भरपूर असते, मग पंखांवरच्या बर्फाची एवढी धास्ती कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी छोटी बिझनेस जेट उडवतो. चाळीस हजार फुटांवर तुमचं म्हणणं खरं आहे: तिथला ओलावा आधीच गोठून स्फटिक झालेला असतो, तो पंखाला सहसा चिकटत नाही. पण उतरायला खाली यावंच लागतं. चिकटणारा बर्फ खालच्या ढगांत असतो, आणि तिथेच आपण वेग कमी करत असतो.

8 डिसेंबर 2014 ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गजवळ एम्ब्राएर फेनम 100 हे छोटं जेट उतरता उतरता स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटून, घरांवर कोसळलं. विमानातले तीन आणि जमिनीवरचे तीन जीव गेले. पंख आणि शेपटीवरचा बर्फ काढणारी डी-आइस यंत्रणा चालूच केलेली नव्हती, आणि वेगही बर्फ नसतानाचाच धरलेला होता. या विमानात ती यंत्रणा चालू केली की स्टॉलचा इशारा लवकर मिळतो, कारण बर्फ लागलेला पंख समोरून येणाऱ्या हवेशी कमी कोन असतानाच दगा देतो. बटण बंद राहिलं की बर्फही राहतो आणि इशाराही उशिरा येतो.

यंत्रणा चालू असताना उतरण्याचा वेग वाढतो, म्हणून धावपट्टीही लांब लागते. आखूड धावपट्टीवर जायचं ठरवून बसलात तर मोह होतो, ‘थोडाच तर बर्फ आहे’. म्हणून मी खाली यायला सुरुवात करण्याआधीच बर्फाचे आकडे धरून हिशेब करतो. धावपट्टी पुरत नसेल, तर दुसरा विमानतळ. हा निर्णय शेवटच्या पाच मैलांवर घ्यायचा नसतो.

जमिनीवरचा धोका आणखी फसवा, कारण तो दिसायला अगदी किरकोळ असतो. पंखावर रात्री गोठलेल्या दवाचा थर सँडपेपरइतका खरखरीत असला, तरी उचल तीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. 4 जानेवारी 2002 ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला चॅलेंजर 604 हे बिझनेस जेट अशाच थरासह निघालं, जमीन सोडताच एक पंख खाली गेला आणि पाचही जण गेले. पंखावरून हात फिरवून बघा. लांबून टॉर्च मारून कळत नाही. डी-आइसिंगचा फवारा फक्त जमिनीवरच्या वेळेपुरता असतो, हवेत तो वाहून जातो.

इंजिनाचं अँटी-आइस, म्हणजे बर्फ साचूच न देणारी यंत्रणा, मात्र ढगात शिरण्याआधी चालू हवं, नाहीतर तोंडाशी साचलेला तुकडा सुटून पंख्यात जातो. बर्फात ऑटोपायलटवर फार विसंबू नका. विमान जड होतंय, एका बाजूला ओढतंय, हे तो गुपचूप सावरत राहतो आणि हाताला काही कळत नाही.

आणि गोठणारा पाऊस पडत असल्याची खबर असेल, तर यंत्रणा कितीही चांगली असो, मी जात नाही. ते मोठे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवरून मागे वाहत जाऊन, जिथे बूट (फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे) किंवा गरम हवा पोचत नाही, तिथे गोठतात.