आधी एकच कॅथेड्रल धरा

यॉर्क, कँटरबरी, शिवाय फाउंटन्स मठाचे अवशेष! इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांची (मोठ्या चर्चची) जुनी कोरीव छापील चित्रं जमवायची म्हणून तुम्ही केलेली यादी पाहून मजा वाटली. पण पहिले सहा महिने एकच इमारत धरा. सॅलिसबरी चालेल, जॉन ब्रिटन या लेखकाने आपली कॅथेड्रलांवरची सचित्र पुस्तकमालिका 1814 मध्ये तिथूनच सुरू केली, आणि त्यातली सुटी पानं आजही बाजारात येतात.

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. चित्र त्याखाली धरा. आकाशाच्या जागी सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले, तर ती आधुनिक छपाई. कोरीव चित्रात सलग रेघा दिसतात, आणि भोवती प्लेटची, म्हणजे ज्या कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून चित्र छापलं त्याची, दबलेली चौकट बोटाला लागते. चौकट नसली तरी लगेच नकली म्हणू नका. पूर्वी लोक कडा सर्रास छाटत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- रंगीत म्हणून जास्त पैसे मोजतात. रंग बहुतेकदा नंतर भरलेला असतो.
- मागे चिकटपट्टी लावतात. मीही लावली होती. तो पिवळा डाग अजून तसाच आहे.
- प्लेटवरचं साल म्हणजेच छपाईचं साल समजतात. प्लेटा पुढे कित्येक वर्षं वापरल्या जात.

आणि चित्र म्हणजे फोटो नव्हे. लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरचा टोकदार कळस 1561 मध्ये वीज पडून जळाला. कोरीव चित्रं करणाऱ्या हॉलरचा जन्म 1607 चा, तरी त्याच्या एका चित्रात तो कळस दिमाखात उभा आहे!

कागदाच्या जाती, छपाईच्या आवृत्त्या वगैरे नंतर बघू. पहिलं चित्र घेतलंत की मागची बाजूही दाखवा.