भरधाव गाडी चालवली म्हणून पकडल्यावर पोलीस गाडीची झडती घेऊ शकतात का? शिक्षा किती होते?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कोल्हापुरात रात्री ताराराणी चौकाजवळ मित्राला भरधाव गाडीसकट अडवलं, ठाण्यात नेलं, डिकी उघडून सगळं उपसलं, गाडी आवारात लावून घेतली. आता चौघं सांगतायत की तारखेला जा, गुन्हा कबूल कर, हजार रुपये भर आणि मोकळा हो. या शेवटच्या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यावर येतोच. आधी झडती.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ चा (बेदरकार गाडी चालवणं) असणार, जोडीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक चालवणं). भरधाव चालवल्याचा पुरावा डिकीत सापडत नाही, त्यामुळे डिकी उघडायला वेगळं कारण लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४९ खाली अटक केलेल्या माणसाची अंगझडती होते, आणि काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. ते खिशापुरतं. गाडीसाठी त्याच संहितेचं कलम १८५ आहे: काय शोधायचं आणि का, हे अधिकाऱ्यानं लिहून ठेवायचं, आणि त्या नोंदीची नक्कल ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. मालकानं अर्ज केला तर तीच नक्कल मॅजिस्ट्रेटकडून फुकट मिळते. हा अर्ज कुणी करत नाही. करा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही कलम १०५ नं सक्तीचं आहे, १ जुलै २०२४ पासून.

पण झडती चुकीची होती म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. इंग्रजी मालिका बघून लोकांचा तसा समज झालाय. आपल्याकडे न्यायालय बघतं ते वस्तू खरंच तिथंच मिळाली का, पंच विश्वासार्ह आहेत का. डिकीत कोयता किंवा तलवार निघाली की शस्त्र कायदा लागतो. आंबोली-आजऱ्याकडून येताना गोव्याच्या बाटल्या निघाल्या तर दारूबंदी कायदा, आणि मग बाटल्यांबरोबर गाडीही सरकारजमा होण्याची टांगती तलवार. भरधावचा गुन्हा तिथं किरकोळ ठरतो.

आता ज्याकडं कुणी बघत नाही तो कागद, जप्ती पंचनामा. ठाण्याच्या आवारात गाडी महिनाभर उन्हापावसात राहिली की बॅटरी उतरते, टायर बसतात, आणि कधी स्टेपनी गायब होते. पंचनाम्यात स्टेपनी लिहिलेलीच नसेल तर भांडणार कशावर? नंबर, चॅसी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटरचं रीडिंग, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम, किती किल्ल्या दिल्या, आधीचे पोचे कुठं आहेत, हे सगळं त्यात आलं पाहिजे. डॅशबोर्डातली रोकड आणि कागद तर नक्कीच. सही करायच्या आधी वाचा. गाडीचा चारी बाजूंनी आणि आतून व्हिडिओ घरच्या कुणाकडून तरी त्याच दिवशी काढून घ्या. मनाई केली तर पंचनाम्यावर सही करताना राहिलेल्या वस्तू आपल्या हातानं लिहा.

गाडी सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे ताब्याचा अर्ज द्यायचा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. सोबत आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि मालकाचं आधार. न्यायालय तपासी अंमलदाराचा ‘से’ (लेखी म्हणणं) मागवतं, मग बंधपत्रावर गाडी मिळते. अटी ठरलेल्या: विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची. वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो काढून बंधपत्रावर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय. अर्जात त्याचा उल्लेख करा. अडतं ते दोन ठिकाणी. गाडी सेकंडहँड घेतली आणि नावावर केलीच नाही, तर अर्ज आरसीवरच्या जुन्या मालकानं करावा लागतो, आणि तो नेमका फोन उचलत नाही. दुसरं म्हणजे संपलेला विमा. अपघात असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी आधी होऊ द्या, नाहीतर से तिथंच अडतो.

जामीन हा विषय दोन ओळींचा. २८१ जामीनपात्र आहे. ठाण्यातच जामीन मिळायला हवा, तो हक्क आहे, उपकार नाही. शनिवारी रात्री पकडलं म्हणून सोमवारपर्यंत बसवून ठेवायचं कारण नाही.

शिक्षा: २८१ ला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८४ ला पहिल्यांदा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १८४ मध्ये जागेवर तडजोड रक्कम भरून सुटता येतं ते फक्त हातात मोबाईल धरून चालवल्याबद्दल. बाकीच्यांना कोर्ट.

आणि आता ते ‘हजार भर, मोकळा हो’. हा सल्ला देणाऱ्यांना दंडाची पावती दिसते, दोषसिद्धी दिसत नाही. कबुली दिली की फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली अशी नोंद होते. मित्र पोलीस भरतीची तयारी करत असेल, आणि आपल्याकडं दर गल्लीत एक तरी करतोच, तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ‘होय’ लिहावं लागतं. लपवलं तर माहिती दडवल्याबद्दल निवड जाते, म्हणजे हजार रुपयांच्या गुन्ह्यापेक्षा महाग. समोरच्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला तर तिथंही ही कबुली दाखवली जाते. शिवाय नुसता ‘भरधाव वेग’ म्हणजे बेदरकारपणा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सतीश प्रकरणात म्हटलंय. वेग किती, रस्ता कसा, वर्दळ किती, धोका कुणाला, हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं असतं. कुणी जखमी नाही आणि साक्षीदार फक्त पोलीस, असल्या केसमध्ये पहिल्याच तारखेला हात वर करणं मला तरी मूर्खपणा वाटतो. कंटाळून कबूल करायचंच असेल तर निदान परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली समज देऊन सोडण्याची विनंती करा. त्याच्या कलम १२ नं दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते. तरीही भरती मंडळ पूर्ववर्तन बघणार नाही अशी हमी त्यात नाही.

हे सगळं कुणाला इजा नसेल तर. गंभीर दुखापतीला न्याय संहितेचं कलम १२५(ब), ३ वर्षांपर्यंत कैद. मृत्यू झाला तर १०६(१), ५ वर्षांपर्यंत. जखमीशी आपसात मिटवलं तरी २८१ मिटत नाही, ते तडजोडपात्र नाही. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयच लागतं. त्यासाठी आता मुंबईला जायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयाजवळ भाऊसिंगजी रोडला आहे. दारूचा संशय असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं. चालवणारा १८ खालचा असेल तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

लायसन्स काढून घेतलं असेल तर दिलेली पोच जपून ठेवा, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही, लायसन्स परत मिळेपर्यंत घरच्या दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे. आरटीओची नोटीस आली की म्हणणं लेखी द्या. पहिल्या वेळेला ३ महिन्यांसाठी अपात्र करतात, दुसऱ्यांदा लायसन्स रद्दच.