दर आठवड्याला पंक्चर होतंय? ट्यूब बदलण्याआधी टायरमधला काटा शोधा

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी : मुलाची २६ इंची बिनगिअरची सायकल तीन वर्षं जुनी आहे, जुळे सोलापुरातून सात रस्त्याला क्लासला जाताना दर आठवड्याला मागचं चाक पंक्चर होतं, चेन कुरकुरते, ब्रेक किंचाळतो आणि दुकानात सांगितलं की टायर, ट्यूब, चेन सगळंच बदला. माझं सांगणं, अजून काहीही बदलू नका. रविवारी सकाळी तास दीड तास काढा, मुलालाही शेजारी बसवा.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये पाळीला जायचे. त्यांची काळी २८ इंची सायकल मी अजून चालवतो. सुट्टीच्या दिवशी ती अंगणात हँडल-सीटवर उलटी उभी करायची आणि मी पान्यांचा डबा घेऊन बसायचं, असं आमचं ठरलेलं होतं. पुढं लिहितोय त्यातलं बरंचसं तिथलंच आहे.

पंक्चर आधी घेऊ, कारण तुमचं खरं दुखणं तेच दिसतंय. एकाच चाकाला पुन्हा पुन्हा पंक्चर होतं तेव्हा ट्यूबचा दोष क्वचित असतो. काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूबला ठिगळ लागतं, टायर तसाच चढतो, आणि चार दिवसांनी तोच काटा तिथंच पुन्हा टोचतो. आपल्याकडं मोकळ्या प्लॉटांत आणि रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली आहे, उन्हाळ्यात सराटेही असतात. बाभळीचा काटा रबरात शिरला की बाहेरचा भाग रस्त्यावर झिजून तुटतो आणि टोक आत अडकून बसतं.

तो शोधायची रीत अशी. चाक काढल्यावर ट्यूब लगेच ओढून काढू नका. व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूनं खूण करा, आणि ट्यूबच्या उजव्या अंगाला पेननं बाण काढा. मग ट्यूब काढून हवा भरा, बादलीत फिरवून भोक शोधा आणि ते व्हॉल्व्हपासून किती इंचावर आहे ते मोजा. तेवढंच अंतर त्याच बाजूनं टायरवर मोजलं की काट्याची जागा सापडते. तिथं टायरच्या आतून कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवा. बोटाला जे लागत नाही ते कापसात अडकतं, शिवाय बोट टोचून घ्यायची वेळ येत नाही.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या मुलीच्या सायकलीला आठवड्यात तीन पंक्चर झाले. तिन्ही ठिगळं रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत होती. कापूस फिरवला, काही लागेना. मग तेवढा भाग दोन्ही अंगठ्यांनी उलटा वाकवून धरला, तेव्हा रबराच्या चिरेतून तिळाएवढं काळपट टोक वर आलं. नखानं निघेना, भुवयांच्या चिमट्यानं ओढलं तर चांगला अर्धा सेंटीमीटर काटा निघाला. सपाट टायरमध्ये तो दबून राहायचा आणि वजन पडलं की वर यायचा. त्यानंतर त्या चाकाला अजून पंक्चर नाही.

भोक कुठं आहे यावरूनही बरंच कळतं. जवळजवळ दोन समांतर चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलंय आणि रिमनं ट्यूब चिमटलीय. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय किंवा चाकातल्या एखाद्या तारेचं (स्पोकचं) टोक वर आलंय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर तिथं ठिगळ टिकत नाही. ती एक वेळ सोडली तर ट्यूब बदलायची गरज सहसा पडत नाही.

ठिगळ लावताना घाई नको. पॉलिश पेपरनं जागा ठिगळापेक्षा थोडी मोठी घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशन पातळ लावा आणि वाळू द्या. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ उन्हात सुटतं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ, एरवी चार-पाच मिनिटं, मे महिन्यात दोनच. वरून चमच्याच्या पाठीनं दाबून घासा, मग कडेला शंखजिरं किंवा साधी टाल्कम पावडर लावा, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. टायर चढवताना शेवटचा घट्ट भाग हातानंच चढवा, पान्यानं चढवला तर नवं भोक पडतं. हवा भरण्याआधी टायर दोन्ही अंगांनी बाजूला दाबून चाकभर बघा, ट्यूब कुठं खाली चिमटलेली नको.

उन्हात उभी केली की ट्यूब फुटते, असंही तुम्ही लिहिलंय. हिशेब करून बघा. २७ अंशांना ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि टायर तापून ६० अंशांवर गेला, तरी हवा ४६ च्या आसपास जाते. एवढ्यानं धड टायर-ट्यूब फुटत नाही. फुटतं ते कच्चं वाळलेलं ठिगळ, नाहीतर कडेला भेगा पडलेला टायर. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, त्या मर्यादेच्या मधोमध ठेवा. दाब दाखवणारं मीटर असलेला पायपंप घ्या, आणि दर आठवड्याला हवा बघा. मोठ्या कॉम्प्रेसरनं सायकलीत हवा भरू देऊ नका, ट्यूब एवढीशी, काही सेकंदांत फुटते. तुमच्या सायकलीला जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह असेल तर ती नळी आपल्या उन्हाळ्यात कुजते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला तर नळी बदला. कित्येकदा पंक्चर म्हणून आणलेल्या सायकलीत एवढंच निघतं.

आता चेन. तुम्ही लिहिलंय की तिच्यावर गॅरेजमधलं काळं ऑइल ओतता, ते आधी थांबवा. त्यावर आपली धूळ बसली की चेनमध्ये घासायचा मसाला तयार होतो. तेल लागतं ते आतल्या रोलरना, बाहेरून चेन कोरडी दिसली तर बिघडत नाही. पाणी रोज येत नाही अशा आपल्या गावात सायकल धुवायचीही गरज नाही, ब्रश आणि फडकं पुरतं. फक्त टॉवेल वापरू नका. टॉवेलांचं गाव असल्यामुळं घरोघरी जुना टॉवेल हाताशी असतो, पण त्याचे फासे चेनमध्ये अडकतात आणि दोरे फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत, जाऊन बसतात. जुना बनियन चांगला. चेन पुसून घ्या, शिलाई मशिनचं तेल एकेका रोलरवर एकेक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरून पुन्हा पुसा. हे तेल पातळ असतं, म्हणून पंधरा दिवसांनी परत द्यावं लागतं.

चेन बदलायची की नाही हे दुकानावर सोडू नका, गवंड्याच्या स्टीलच्या टेपनं मोजा. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोवीसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं माप बरोबर १२ इंच असतं. पाव इंचाच्या अर्ध्यानं, म्हणजे १/८ इंचानं वाढलं असेल तर चेन संपली, सोबत फ्रीव्हीलचे दातही बघून घ्या. त्याहून कमी असेल तर चालवा. ताण बघायचा तर चेन मधोमध वरखाली सुमारे अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त हलत असेल तर मागचे नट सैल करून चाक मागं ओढा, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं ठेवा.

ब्रेकचं किंचाळणं बहुतेक घाणीचं असतं. रिम कोरड्या फडक्यानं पुसा, ब्रेकच्या रबरी गुटक्यांचा तकतकीत थर पॉलिश पेपरनं काढा, आत रुतलेले खडे सुईनं उकरा. तरी आवाज आला तर गुटक्याचा नट सैल करून मागच्या टोकाखाली व्हिजिटिंग कार्ड धरा आणि तसाच आवळा, म्हणजे पुढचं टोक रिमला आधी टेकतं. गुटका टायरला घासत नाही ना, तेही बघा. रिमवर तेलाचा थेंबही नको.

हब (चाकाचा मधला तुंबा) आणि पायडलच्या धुऱ्यांना वर्षातून एकदा ग्रीस द्यावं लागतं. आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, म्हणून मी ते काम पाऊस ओसरल्यावर करतो. खंडेनवमीला सायकलीवर नळी धरून धुऊ नका, पाणी छर्‍यांपर्यंत जातं. पूजेनंतर झेंडूचा हारही त्याच दिवशी काढा, त्याचा दोरा पुढच्या हबला गुंडाळला गेलेला मी दर वर्षी कुणाच्या तरी सायकलीत कापून काढतो. पायडल काढायची वेळ आली तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

चाकाचा आउट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, आणि क्रँकमधला कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा पक्का धरणारी खीळ, ठोकणं मात्र चौकातल्या मिस्त्रीकडं द्या. त्या कामाला सरावलेला हात लागतो, आणि त्या कामाचे पैसे देताना हात आखडू नये.

रविवारी टायर उतरवाल तेव्हा भोक व्हॉल्व्हपासून किती इंचावर आहे आणि जुनी ठिगळं किती इंचावर आहेत, हे दोन आकडे मला कळवा. जवळजवळ असतील तर काटा अजून आतच आहे. चाकभर विखुरलेली असतील, तर टायरची नक्षी किती उरलीय त्याचा फोटो पाठवा, मग टायर बदलायचं बघू.