‘क्रॉनिक’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, शुगर जुनी आहे. परवा क्रिएटिनिन १.२ आलं, जीएफआर ४९. फाईलवर ‘क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३ ए’ लिहिलंय. घरात सगळ्यांचं जेवण उडालंय. क्रॉनिक म्हणजे शेवटची पायरी का? डायलिसिस लागेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी सगळे नीट जेवा. क्रॉनिक या शब्दाची धास्ती घेतलेली माणसं माझ्या ओपीडीत नेहमी येतात. ग्रीकमध्ये ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. त्यावरून हा शब्द आला. दुखणं किती दिवसांचं आहे, एवढंच तो सांगतो. आपण ‘जुनाट खोकला’ म्हणतो ना, त्यातला जुनाट. किडनीचा बिघाड तीन महिने किंवा त्याहून जास्त टिकला, तर त्याला क्रॉनिक म्हणतात.

म्हणून मला पहिली शंका येते ती ही : जुने रिपोर्ट आहेत का? एकाच तपासणीवरून हा शिक्का बसत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, चढतं. ते अचानक चढलं की ‘अक्यूट’. हा शब्द ऐकून लोक निर्धास्त राहतात, पण काही तासांत जिवावर बेततं ते बहुधा अक्यूट दुखणं. कपाटातले जुने कागद शोधा. नसतील तर तपासणी पुन्हा कधी करायची, ते डॉक्टरांना विचारा.

आजार किती पुढे गेलाय, हे स्टेजच्या आकड्यावरून कळतं. जीएफआर म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते, त्याचा आकडा. तो ४५ ते ५९ असला की ३ ए. पाचवी स्टेज १५ च्या खाली, आणि डायलिसिसचा विचार साधारण तिथे येतो. सासूबाई त्यापासून बऱ्याच लांब आहेत. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र तपासून घ्या, कारण त्याशिवाय धोक्याचा पुरता अंदाज येत नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात राहिलं, तर किडनीची घसरण बरीच मंदावते.

आणखी एक, अगदी कळकळीने सांगतो. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून देऊ नका; त्या किडनीला अपाय करू शकतात. दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी ही फाईल आधी दाखवा.