‘उपलब्ध’ दिसतं, पण सापडत नाही

प्रश्न : कॉलेजच्या लायब्ररीत संगणकावर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं, फळीवर मात्र नसतं. असं तीनदा झालं. काय करू? – एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष

उत्तर : देवघेवीच्या टेबलामागे माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधी एक आगाऊ प्रश्न : पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा नीट वाचलास ना? पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी ड्यूई दशांश पद्धत 1876 पासून चालत आलीय, आणि तिची खोड दशांश चिन्हात आहे. 330.9 आधी की 330.15? बहुतेक जण 330.9 म्हणतात. चूक! नऊ आणि पंधरा नव्हे. आधी 1 आणि 9 बघायचे. म्हणून 330.15 आधी. तू उभी असतेस तिथून पुस्तक हातभर अलीकडे असू शकतं.

तिथेही नसेल तर परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघ. संगणकात जमा झालेलं पुस्तक फळीवर चढायला कधी कधी दिवस लागतो. मग वाचनकक्षातली टेबलं. परीक्षेच्या तोंडावर मुलं हवं ते पुस्तक भलत्याच विषयात खुपसून ठेवतात. अर्थशास्त्राचं पुस्तक मला रसायनशास्त्राच्या ओळीमागे आडवं सापडलं होतं, आत बुकमार्क म्हणून कंगवा!

एवढं करून नाही मिळालं, तर काउंटरवर दाखल क्रमांक (लायब्ररीने त्या प्रतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक) देऊन शोधायला सांग. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं का, तेही विचार. आणि हो, नोंदीत ‘संदर्भ’ लिहिलं असेल तर ते घरी मिळणार नाही. तिथेच बसून वाच.