वर्षानुवर्षं फिरणाऱ्यांसाठी प्रवास म्हणजे नक्की काय असतं? घराची ओढ उरते का?

बारा वर्षं झाली फिरतेय, नऊ वर्षं ब्लॉग लिहितेय. घर इंदूरला, रामबागेत. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पण माझ्या बाबतीत त्या इतक्या गुंतलेल्या आहेत की वेगळ्या करून सांगता येणार नाहीत.

माझं आजोळ मंडलेश्वरचं, नर्मदेच्या उत्तर तीरावर. चातुर्मास संपला की आजीच्या ओट्यासमोर परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारे, यायला लागायचे. "नर्मदे हर!" अशी हाक आली की आजी हातातलं काम टाकून उठायची. कणीक, डाळ, मीठ, दोन मिरच्या, गुळाचा खडा. मापाने कधीच नाही, ओंजळीने. मी एकदा विचारलं, "आजी, हे आपल्या ओळखीचे आहेत का गं?" तर म्हणाली, "दारात आलेत ना? झाली की ओळख." देणाऱ्याची बाजू अशी लहानपणीच पाहिली. घेणाऱ्याची शिकायला फार उशीर लागला.

सुरुवातीची काही वर्षं मी सगळं पैसे मोजून केलं. खोली, गाडी, जेवण. पैसे दिले की कुणाचं देणं राहत नाही, याचंच तेव्हा बरं वाटायचं. आता ते दिवस आठवले तर गावांची नावं आठवतात, माणसं नाही.

2022 मध्ये कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तीर धरले तर 2,600 च्या वर. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. परंपरेप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. तेवढी सवड मला नव्हती, साडेपाच महिन्यांत केली.

निमाडात, दक्षिण तीरावरच्या एका गावात, दुपारी एका घरी थांबले. बाई शेतातून नुकतीच आलेली, पायाला अजून काळी माती. तिने चुलीवर ज्वारीची भाकरी टाकली. भाकरी फुगली तसा पापुद्रा बोटाने उचलून आत तेल-मीठ सोडलं, शेजारी अंबाडीची भाजी वाढली आणि मी जेवून होईपर्यंत समोर बसून राहिली. निघताना मी शंभराची नोट पुढे केली. तिने हात मागे घेतला. चेहरा एकदम उतरला तिचा. "मैया का है बेटा, मेरा थोड़ी है." ती नोट परत खिशात ठेवताना जी लाज वाटली, ती मी विसरलेले नाही. प्रवास म्हणजे काय, तर माझ्यासाठी हे: परक्याच्या घरातलं अन्न हिशेब न करता घेता येणं, आणि ते घेतलंय याचं भान पुढे वागवणं.

लिहिताना हे भान सुटलं की काय होतं, तेही सांगायला हवं. हिमाचलमधल्या स्पितीतल्या एका घरी मी हिवाळ्यात नऊ दिवस राहिले होते. कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, किन्नौरकडून जावं लागतं. मी उत्साहाने सगळं लिहिलं: गावाचं नाव, घराचा फोटो, कुठून वळायचं ते. पुढच्या हिवाळ्यात त्या घरी माणसांची रीघ लागली. ताईंचा फोन आला. तक्रार नव्हती, पण म्हणाल्या की आलेल्यांसाठी शेगडी पेटवावीच लागते, आणि उन्हाळ्यात साठवलेलं शेण-सरपण फेब्रुवारीतच संपत आलंय. तो लेख मी त्याच दिवशी काढला. तेव्हापासून घराचा ठावठिकाणा लिहीत नाही, कुणी कितीही मागितला तरी. रस्ता मात्र अगदी बारकाईने लिहिते, कारण त्याची गरज असते. बडवानीजवळचा राजघाटच बघा, सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेला. जुन्या परिक्रमावासीयांनी सांगितलेली वाट तिथे आता पाण्याखाली आहे. नव्याने चालणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं.

आता ओढीचं. परिक्रमेच्या चौथ्या दिवशी समोरच्या तीरावर मंडलेश्वरचा घाट दिसला. धुणी वाळत घातलेली दिसत होती. नाव केली असती तर दहा-पंधरा मिनिटांत आजोळी पोचले असते. पण नदी ओलांडायची नव्हती. तासभर दगडावर बसून रडले आणि पश्चिमेला चालायला लागले. शूलपाणीची झाडी, मग नदी समुद्राला मिळते तिथलं विमलेश्वर, तिथून भरतीची वेळ साधून समुद्रातून नावेने पलीकडची मिठी तलाई, आणि मग उत्तर तीराने उलटं. त्या घाटावर पाय ठेवायला पावणेदोन महिने लागले.

आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. भर दुपार होती, दार लोटलेलं. ओट्याखाली उभी राहिले आणि हाक दिली, "नर्मदे हर!" आत भांड्यांचा आवाज थांबला. मामी बाहेर आली ती ओंजळीत कणीक घेऊनच. माझ्या पदरात ती घातली, हात जोडले, आणि मग वर पाहिलं.