रविवारी मटण, सोमवारी चेंबर फुल्ल

प्रश्न: नमस्कार काका. मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी मागच्या बोळातल्या दोन चेंबरमधून रस्त्याच्या ड्रेनेज लाईनला जातं. पावसाळा संपल्यापासून असं व्हायला लागलंय की रविवारी मटण झालं की सोमवारी सकाळी घराजवळचं चेंबर भरून बोळात पाणी, आणि वास तर विचारूच नका. सासूबाई उकळतं पाणी ओततात, शेजारचे म्हणतात ॲसिड टाका, आणि प्लंबर म्हणतोय सगळी फरशी फोडून नवीन पाईप टाकायला लागेल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, आत्ता तरी कुणाचंच ऐकू नका, आधी दुसऱ्या चेंबरचं झाकण उघडून बघा. घराजवळचं भरलंय आणि रस्त्याकडचं कोरडं असलं तर दोन्हीच्या मधल्या पाईपमध्ये तटलंय, म्हणजे काम तुमचं. दोन्ही काठोकाठ भरली असतील तर अडलंय पुढं, बहुतेक रस्त्याच्या लाईनला, मग घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, महापालिकेच्या तुमच्या विभागाच्या ऑफिसला तक्रार द्या आणि शेजाऱ्यांचीही चेंबर तुंबलीत का ते सांगा, म्हणजे ते जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्यानं लाईन मोकळी करायची गाडी पाठवायचं बघतील. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात पण नव्वद टक्के लोक हे न बघताच काहीतरी ओतायला लागतात.

तुम्ही लिहिलंय ते वाचून मला मधल्या पाईपचाच संशय येतोय. मटणाची चरबी गरम आहे तोवर पातळ असते, मोरीतून सुखानं जाते आणि जमिनीतल्या थंड पाईपला लागली की थिजते. त्यात तांबड्या रश्श्याचा कट, पांढऱ्यातलं खोबऱ्याचं दूध, भाताची शितं, राख नाहीतर भांड्याची पावडर, सगळं एकावर एक बसत जातं आणि चार इंची पाईपचं भोक हळूहळू दोन बोटांएवढं उरतं. रोजचं पाणी तेवढ्यातून कसंबसं जातं, रविवारी भांडी जास्त, चरबी जास्त, की बंद. सासूबाईंच्या उकळत्या पाण्यानं होतं काय, तर मोरीजवळची चरबी वितळते आणि पुढं सात-आठ फुटांवर जाऊन परत थिजते, म्हणजे अडचण फक्त लांब सरकवली. शिवाय पीव्हीसी पाईप असेल तर उकळत्या पाण्यानं तो मऊ पडतो, सांधे हलतात. अंघोळीला घेतो तेवढंच गरम पाणी चालतं.

ॲसिडचं नावच काढू नका. ॲसिडनं चरबी विरघळत नाही, उलट चेंबरचं सिमेंट आणि जुन्या पाईपचे सांधे खातं, आणि कुणी आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर क्लोरीन गॅस सुटतो, बोळात उभं राहता येणार नाही. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो हे खरं, पण आधीच भरलेल्या चेंबरमध्ये तो पाण्यात पातळ होऊन जातो, आणि नंतर तेच पाणी काढणाऱ्या माणसाच्या हातावर येतं.

आता काम कसं करायचं. झाकण पहारीनं उचलून बाजूला ठेवा आणि थोडा वेळ तसंच उघडं राहू द्या, आत वाकून बघायचं नाही, काडी ओढायची नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गॅस जास्त झाला की नाकाला कळायचाच बंद होतो, म्हणून वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नये. आत कुणी उतरायचं तर अजिबात नाही, शे-दोनशे रुपये देऊन कुणाला उतरवायचं पण नाही. ड्रेनेज आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तुमचं काम वरनंच होणारं आहे.

हातमोजे घाला. बांबूची लांब पट्टी नाहीतर प्लंबरकडचे जोडायचे रॉड घ्या आणि कोरड्या चेंबरकडनं घराच्या दिशेनं घाला, कारण तिथं पाईपचं तोंड दिसतं, भरलेल्या चेंबरात चाचपडत बसावं लागतं. रॉड असले तर फिरवायचे ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच, उलटे फिरवले की आटे सुटतात आणि अर्धा रॉड आतच राहतो, मग मात्र फरशी फोडायलाच लागेल! मऊ काहीतरी लागलं की जोरात घुसवू नका, मागंपुढं करत राहा. सुटताना पाणी एकदम येतं, तेव्हा पाईपच्या समोर उभं राहू नका. आणि पुढच्या पाईपच्या तोंडाला आधीच एक जुना खराटा आडवा दाबून ठेवा, त्यात पांढरट, साबणासारखे गोळे अडकतील, ते घमेल्यात काढून घ्या. बरेच जण ते गोळे पुढं ढकलून मोकळे होतात, मग आठ दिवसांनी सगळ्या गल्लीचं तटतं आणि शिव्या मात्र महापालिकेला.

मोकळं झालं की चार-पाच बादल्या पाणी एकदम ओता. लगेच गेलं तर पाईप चांगला आहे. परत थांबत असेल, किंवा पट्टीला दरवेळी मुळ्या नाहीतर माती लागत असेल, तर पाईप फुटलाय किंवा खचलाय आणि प्लंबरचं बरोबर आहे. तेव्हाही त्याला लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून उतार मोजायला सांगा, चार इंची पाईपला दहा फुटांत तीन इंच उतार पाहिजे. नुसतं ‘अंदाजे बघतो’ म्हणाला तर दुसरा प्लंबर बघा.

आणि मटण बंद करा असं कोल्हापुरात कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. फक्त पातेलं घासायच्या आधी रद्दी पेपरनं पुसून तो कचऱ्यात टाका, आणि मोरीला जाळी बसवा.

प्रश्न: शाहूपुरीत नाल्याजवळ राहतो. जोराचा पाऊस झाला की चेंबरमधनं पाणी उलटं घरात येतं, दोनदा साफ करून घेतलं तरी तेच.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: तुमच्याकडं तटलेलं काही नाही, ही फुग आहे. पंचगंगा वाढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि मागं सरकतं, ते तुमच्या लाईनमधनं वर येतं. रस्त्याला जोडण्याआधीच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण उलटं आत न येऊ देणारी झडप, बसवून घ्या आणि पावसाळ्याआधी ती उघडून घासून घ्या, कचरा अडकला की ती नीट बसत नाही. झडप बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जाणार नाही, म्हणून नदी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की खालची न्हाणी वापरू नका. गच्चीच्या पन्हाळीचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरात सोडलेला असेल तर तो आधी काढा, नाहीतर झडप बंद झाल्यावर गच्चीचंच पाणी घरात येईल.